पंखाचा रविवार

सकाळी ७. पावसाची रिपरिप चालूच आहे. पुण्यात या दिवसांत उडवायची मैदानं चिखलात असतात, म्हणून आम्हा आरसी, म्हणजे रेडिओ-नियंत्रित, विमानवाल्यांचा हा बांधणीचा हंगाम. किट आहे सिग कंपनीच्या कडेट एलटी-४० या ट्रेनरचं, म्हणजे शिकाऊ विमानाचं. दोन्ही पंखांचा मिळून विस्तार ७० इंच. आज फक्त डावा पंख करायचा.

७.३०. आधी पाट. फ्लश दरवाजाचा तुकडा आणि त्यावर टाचण्या टोचायला सॉफ्टबोर्ड. पोलादी पट्टी आडवी, उभी, तिरकी उभी करून खालून उजेड दिसतो का ते बघतो. पाटाला पीळ असेल तर तोच पंखात उतरतो आणि मग विमान आयुष्यभर एका बाजूला कलत राहतं. पाट सरळ निघाला. त्यावर पंखाचा नकाशा, नकाशावर पारदर्शक प्लास्टिक.

८.१५. लाकूड पारखणं. बाल्सा मुख्यतः इक्वेडोरहून येतो आणि एकाच मापाच्या दोन पट्ट्यांच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो. प्रत्येक पट्टी हातात वाकवून बघतो. सारख्या ताठपणाच्या जोड्या लावून एक डाव्या पंखाला, एक उजव्याला.

९.३०. खालचा स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारी पट्टी, टाचण्यांनी पक्का केला. त्यावर एकेक रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी आडवी फासळी, प्रत्येकीला गुण्या लावून. मुळाजवळची पहिली रिब मात्र काटकोनात नको. पंख टोकाकडे वर उचललेले असतात, म्हणून ती किंचित कलती बसते. त्यासाठी पुठ्ठ्याचा कोन कापून ठेवला आहे.

११.००. वरच्या मजल्यावरचा मुलगा आला. एनसीसीच्या एअर विंगमध्ये आहे, हात चांगला आहे त्याचा.

"काका, फेविक्विकनं पटापट चिकटवूया की!"

"अरे, ते ओलाव्यानं पकडतं. या दमट हवेत रिब टेकली की संपलं, सरळ करायला वेळच मिळत नाही. फेव्हिकॉल घे."

मग बाकीच्या रिब त्यानेच बसवल्या, वरचा स्पारही.

१.००. जेवण. डिंक वाळतोय.

२.३०. आता वेब, म्हणजे दोन स्पारांच्या मधे, दर दोन रिबांमध्ये बसणारा बाल्साचा पातळ तुकडा. या कामाला मी घाई करत नाही. उडताना पंख वर वाकतो, तेव्हा वरचा स्पार दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दोघांना एकमेकांवरून सरकू न देणं, एकमेकांकडे दबू न देणं हे वेबचं काम. म्हणून त्याच्या लाकडाच्या रेषा उभ्या हव्यात. आडव्या रेषांची पट्टी कापायला सोपी जाते, पण झटक्यात उचललेल्या विमानात तीच रेषेरेषेनं चिरते आणि पंख हवेत मिटतो. तयार फोमची विमानं उडवणाऱ्यांना हा भाग कधी दिसतच नाही, याचं मला वाईट वाटतं. प्रत्येक तुकडा जागेवर मापून कापला. ढिला बसेल तो बाजूला, दाबून बसवावा लागेल त्याच्यावरून पॉलिश पेपर. डिंकानं फट भरून काढायची नाही.

५.००. पुढची कड, म्हणजे लीडिंग एज, लावली. तिची गोलाई पंख पाटावरून उतरल्यावर.

६.३०. मुलाला पंख उचलून बघायचा होता. नाही म्हटलं. पावसाळ्यात फेव्हिकॉल सावकाश वाळतो आणि आत ओलावा असताना टाचण्या काढल्या की लाकूड मनाला येईल तसं वळतं. उद्या संध्याकाळपर्यंत पंख पाटावरच राहील. उजवा पंख पुढच्या रविवारी, आणि फिल्मचं आवरण पाऊस ओसरून लाकूड कोरडं झाल्यावर.

तुम्ही पहिलंच किट घेणार असाल तर खोका उघडण्याआधी सरळ पाट मिळवा. आणि विमान तयार झालं की पहिल्या उड्डाणाला ट्रान्समीटर अनुभवी माणसाच्या हाती द्या.