हत्तीपाय : निदान आणि निगा

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, गुजरातच्या सीमेला लागून असलेला पेठ तालुका मुसळधार पावसाचा प्रदेश आहे. भाताच्या आवणीच्या दिवसांत येथील शेतकरी स्त्री-पुरुष दिवसचे दिवस अनवाणी चिखलात वावरतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचा भेगाळतात. धडधाकट पायाला याचे फारसे काही वाटत नाही. परंतु ज्या पायातील लसीकावाहिन्या निकामी झाल्या आहेत, त्याला हीच क्षुल्लक चिखली महागात पडते.

पेशींभोवती झिरपलेला द्रव पुन्हा रक्तात नेऊन सोडणाऱ्या सूक्ष्म नलिका म्हणजे लसीकावाहिन्या. त्या तुंबल्या की द्रव जागीच साचतो, सूज येते आणि कालांतराने कातडी जाड व खरखरीत होते. आपल्या देशात याचे प्रमुख कारण हत्तीरोग. त्याचे कृमी घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमार्फत शरीरात शिरतात. राज्यातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत नाशिकची गणना होत नाही. शेजारच्या ठाणे, पालघर व जळगावची मात्र होते. शिवाय पेठची माणसे पावसाळ्यानंतर मजुरीसाठी गुजरातेत जातात आणि सुरत परिसर या रोगासाठी जुनाच परिचित आहे. तेव्हा रुग्ण कोठकोठे व किती वर्षे राहिला, हे विचारणे निदानाचाच भाग होय. डासांच्या चार-दोन चाव्यांनी हत्तीपाय होत नाही. त्यामागे सहसा दीर्घकाळचा संसर्ग असतो.

प्रत्येक सूज हत्तीरोगाची नसते. दोन्ही पाय सारखेच सुजले असतील, तर हृदय, मूत्रपिंड व यकृत तपासावे लागते. पोटरी एकाएकी दुखून सुजली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी व विलंब न करता रुग्णालय गाठावे. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील गाठी काढल्यानंतर हात सुजतो, तीही लसीकासूजच. पायाच्या अंगठ्याशेजारील बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहावी; ती उचलली जात नसेल, तर लसीकासुजेचा संशय बळावतो. कृमींची सूक्ष्म पिले रात्री रक्तात उतरतात, म्हणून तपासणीचे रक्तही रात्री घेतात. मात्र जुन्या हत्तीपायात ती बहुधा सापडत नाहीत. अहवालात दोष नाही म्हणून रोग नाही, असे समजू नये.

डी.ई.सी.च्या गोळ्या कृमींचा नाश करतात, पण वाढलेला पाय पूर्ववत करीत नाहीत. पाय वाढत जातो तो मुख्यतः भेगांतून शिरणाऱ्या जंतूंमुळे. हुडहुडी भरून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो. अशा प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी अधिक राहते. ते टाळण्याचा उपाय अगदी साधा आहे. रोज साबण व स्वच्छ पाण्याने पाय हळुवार धुवावा, बोटांच्या बेचक्यांसह मऊ फडक्याने टिपून कोरडा करावा, चिखल्यांना बुरशीनाशक मलम लावावे. निजताना पाय उंचावर ठेवावा, घोटा दिवसातून अनेकदा वरखाली हलवावा आणि सैल पादत्राणे वापरावीत. आवणीच्या दिवसांत हे जड जाते, हे खरे. निदान शेतातून परतताच पाय धुण्यात खंड पडू नये.

झटका आलेला असताना व्यायाम किंवा चोळणे वर्ज्य. ओल्या फडक्याने पाय थंड ठेवावा, भरपूर पाणी प्यावे आणि प्रतिजैविकांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पेठच्या ग्रामीण रुग्णालयात जावे. डाग देणे, चिरे पाडणे, झाडपाल्याचा लेप थापणे हे प्रकार जखमेला निमंत्रण देतात. अंडवृद्धीचा प्रश्न निराळा आहे. ती शस्त्रक्रियेने बरी होऊ शकते.

पाण्याचा प्रश्न उरतोच. एवढ्या पावसाच्या या तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते आणि सुजलेल्या पायाने ती अधिकच कठीण होते. ग्रामपंचायतीने आशा कार्यकर्तीकडून अशा रुग्णांची माहिती घ्यावी व टंचाईच्या महिन्यांत रोजचे तपेलीभर स्वच्छ पाणी त्यांच्या दाराशी पोचेल, अशी व्यवस्था करावी.