छिंगलान : परिचारिका, शिक्षिका, सोलापूरची सून

जून १९४०. उत्तर चीनमधल्या हेबेई प्रांतात, थांग परगण्यात, डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या समाधीचा समारंभ होता. आदल्या नोव्हेंबरात या कॅनेडियन शल्यविशारदाचे निधन झाले होते. जखमी सैनिकावर शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले आणि विष रक्तात भिनले. समारंभाला आलेल्यांत सोलापूरचे २९ वर्षांचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस होते आणि ग्वो छिंगलान ही तरुण परिचारिकाही होती. छिंगलानने कोटणीसांना पहिल्यांदा पाहिले ते इथे. हा परदेशी डॉक्टर चिनी बोलतो, याचे तिला फार नवल वाटले.

कोटणीसांची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. छिंगलान मात्र आपल्याला बहुतेक करून सिनेमातूनच ठाऊक आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. कोटणीसांची भूमिका त्यांनी स्वतः केली आणि नायिका जयश्री होत्या. चित्रपट गाजला, पण पडद्यावरच्या नायिकेमागची खरी बाई झाकली गेली. ती बाई कोटणीसांच्या पश्चात जवळजवळ ७० वर्षे जगली.

जखमी जवान आणि त्याची शुश्रूषा करणारी परिचारिका ही युद्धकथांतली जुनी जोडी. १९१८ मध्ये मिलानच्या रेडक्रॉस रुग्णालयात पायाच्या जखमांनी पडून असलेला अर्नेस्ट हेमिंग्वे अ‍ॅग्नेस फॉन कुरोव्स्की या परिचारिकेच्या प्रेमात पडला. पुढच्या वर्षी तिने पत्र लिहून नाते तोडले. ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ या त्याच्या १९२९ च्या कादंबरीचे मूळ त्या प्रेमात आहे.

लष्कराला अशा प्रेमाची धास्तीच होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले हिंदी शिपाई इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या राजवाड्यात उभारलेल्या रुग्णालयात ठेवले होते. तिथे गोऱ्या परिचारिकांनी त्यांची प्रत्यक्ष शुश्रूषा करायची नाही, फक्त देखरेख ठेवायची, असा दंडक होता. आपल्या नाशिक जिल्ह्यात देवळालीच्या लष्करी रुग्णालयातही त्या काळात ऑस्ट्रेलियन परिचारिका काम करत. त्यांच्यातल्या कुणी लग्न केले, की तिला सेवेचा राजीनामा द्यावा लागे.

छिंगलान आणि कोटणीस यांची गोष्ट या साच्यातली नाही. इथे एक खाटेवर आणि दुसरे उशाशी, असे नव्हते. दोघेही जखमींच्या उशाशी उभे होते.

छिंगलानचा जन्म १९१६ चा, शान्शी प्रांतातल्या फेनयांगचा. घर ख्रिस्ती. परिचर्येचे शिक्षण तिने बीजिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजमध्ये घेतले. अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर चालणारी ही संस्था चीनमधली सर्वांत नावाजलेली होती. तिथून बाहेर पडलेल्या मुलीला शहरात चांगली नोकरी सहज मिळाली असती. पण १९३७ पासून बीजिंग जपान्यांच्या ताब्यात होते. कॅथलीन हॉल ही न्यूझीलंडची मिशनरी परिचारिका बीजिंगहून औषधे मिळवून ती डोंगरातल्या बेथ्यून यांच्या पथकापर्यंत पोचवत असे. तिच्याच ओळखीने छिंगलान १९३९ मध्ये जपानशी लढणाऱ्या चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या मुलखात गेली आणि नव्या मुलामुलींना परिचर्या शिकवू लागली.

कोटणीस तिथे पोचले ते याच सेनेचे सेनापती चू दे यांच्या विनंतीमुळे. या विनंतीवरून काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरवले आणि अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी निधी उभा केला. डॉ. अटल पथकाचे प्रमुख होते. त्यांच्याबरोबर नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि नुकतेच मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून निघालेले कोटणीस होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून निघाले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये कम्युनिस्टांचे ठाणे असलेल्या येनानला पोचले. वडील गेल्याची बातमी कोटणीसांना चीनमध्येच कळली. तरी ते परतले नाहीत.

आठव्या मार्ग सेनेच्या डोंगरी मुलखातले रुग्णालय म्हणजे एखादी इमारत नव्हे. आपल्या नाशिकमधल्या सुरगाण्याच्या डोंगरपाड्यांसारखी विखुरलेली गावे होती, आणि त्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या घरांतच जखमींना ठेवले जाई. जपानी फौजा जवळ आल्याची खबर मिळताच रुग्ण, हत्यारे, औषधे सगळे उचलून दुसऱ्या खोऱ्यात हलवावे लागे. १९४० च्या जपान्यांविरुद्धच्या मोठ्या मोहिमेत कोटणीसांनी १३ दिवसांत ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले आणि एकदा सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या, असे चिनी वृत्तांत सांगतात.

असे काम एकट्या शल्यविशारदाच्या हाताने होत नाही. हत्यारे उकळून ठेवायची, पट्ट्या धुऊन पुन्हा वापरायच्या, जखम चिघळतेय का यावर नजर ठेवायची, ताप चढलेल्या जवानाला रात्रभर पाणी पाजायचे, ही परिचारिकांची कामे. शस्त्रक्रियेतून वाचलेला जवान पुढच्या आठवड्यात जिवंत राहतो की नाही, ते यावरच ठरत असे. आणि खेड्यातल्या अर्धशिक्षित पोरांना हे सारे शिकवून तयार करणाऱ्यांत छिंगलान होती.

जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. शेजारच्या वैद्यकीय विद्यालयात ते चिनी भाषेत शिकवत. त्याच वर्षाच्या अखेरीस दोघांचे लग्न झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगचेन यांनी त्याचे नाव यिनहुआ सुचवले. त्यातला ‘यिन’ भारताचा आणि ‘हुआ’ चीनचा.

कोटणीसांना अधूनमधून आकडीचे झटके येत, आणि ते वाढत चालले होते. सहकाऱ्यांनी विश्रांतीचा आग्रह धरला, पण त्यांनी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय अवघे ३२. मूल साडेतीन महिन्यांचे होते आणि छिंगलान २६ वर्षांची.

सिनेमाचा पडदा इथे पडतो. छिंगलानचे आयुष्य पुढे चालूच राहिले. युद्ध संपले, पाठोपाठ यादवी झाली, नवे राज्य आले. तिने मूल वाढवले. तोच मुलगा १९६७ मध्ये, वैद्यकीय शिक्षण घेत असताना, पंचविशीच्या आतच गेला. पुढचे तिचे वास्तव्य दालियन शहरात होते. भारतात ती अनेकदा आली. सासरच्या माणसांशी तिने नाते राखले. चिनी नेते मुंबईत आले की कोटणीस कुटुंबाला भेटत. कोटणीसांबरोबरच्या दिवसांवर तिने आठवणींचे पुस्तकही लिहिले. जून २०१२ मध्ये, ९६ व्या वर्षी, दालियनमध्ये तिचे निधन झाले.

आज सोलापुरात कोटणीसांच्या घराचे स्मारक आहे, चीनमधल्या शिच्याच्वांगच्या हुतात्मा उद्यानात त्यांची समाधी आहे. दोन्ही योग्यच. पण सुरगाणा, पेठ, कळवण या भागांतून दरवर्षी मुली नर्सिंग शिकायला बाहेर पडतात आणि पुढे डोंगरातल्या आरोग्य केंद्रांत रात्रपाळ्या करतात. या मुलींच्या वर्गात कोटणीसांचे नाव निघेल तेव्हा ग्वो छिंगलानचा धडाही शिकवला जावा, आणि तो कुणाची तरी पत्नी म्हणून नव्हे, शहरातली चांगली नोकरी बाजूला ठेवून डोंगरातल्या गावांत परिचर्येचे वर्ग घेणारी शिक्षिका म्हणून.