आफ्रिकेतील भूवेष्टित राष्ट्रे : भूरचना आणि सीमारेषा

प्रस्तावना

आफ्रिका हे आशियाखालोखाल जगातील सर्वांत मोठे खंड असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी चौ. कि.मी. आहे. या खंडातील ५४ राष्ट्रे संयुक्त राष्ट्रसंघाची सदस्य आहेत. त्यांपैकी १६ राष्ट्रांना समुद्रकिनारा नाही. अशा राष्ट्रांना भूवेष्टित राष्ट्रे म्हणतात. पदवी स्तरावर ही नावे बहुधा यादी म्हणून पाठ केली जातात व त्यांच्या स्थानाचे परिणाम दुर्लक्षित राहतात. प्रस्तुत लेखात या परिणामांचे विवेचन भूरचना व सीमानिर्मिती यांच्या संदर्भात केले आहे.

भूरचना

आफ्रिका मुख्यतः पठारी आहे. किनारपट्टीची मैदाने अरुंद असून किनारा दंतुर नसल्याने नैसर्गिक बंदरे थोडी आहेत. युरोपच्या जवळजवळ तिप्पट क्षेत्रफळ असूनही आफ्रिकेचा किनारा युरोपपेक्षा कमी लांबीचा आहे. नद्याही पठारावरून उतरताना प्रपात निर्माण करतात. काँगो नदीचा अंतर्भागातील प्रवाह नौवहनास योग्य आहे. परंतु किन्शासा व मटाडी यांच्या दरम्यानच्या लिव्हिंग्स्टन प्रपातांमुळे जहाजे समुद्रापर्यंत पोहोचू शकत नाहीत. हा खंडित दुवा जोडण्यासाठी १८९८ मध्ये लोहमार्ग पूर्ण करावा लागला.

सीमारेषा

१८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत आफ्रिकेची वाटणी झाली, असे सर्रास लिहिले जाते. वस्तुतः परिषदेने प्रदेश ताब्यात घेण्याचे नियम ठरविले. बहुतेक सीमा त्यानंतरच्या द्विपक्षीय करारांनी आखल्या गेल्या. १८९० च्या करारान्वये जर्मनीने झांबेझी नदीपर्यंत पोहोचण्यासाठी कॅप्रिव्ही ही चिंचोळी पट्टी मिळविली. पुढे प्रवाहात व्हिक्टोरिया धबधबा असल्याने त्या मार्गाने हिंदी महासागर गाठणे अशक्यच होते! ती पट्टी आज नामिबियाचा भाग आहे. स्वातंत्र्यानंतर यांपैकी बहुतेक सीमा बदलल्या गेल्या नाहीत. १९६४ मध्ये कैरो येथे आफ्रिकी ऐक्य संघटनेने स्वातंत्र्यसमयीच्या सीमांचा आदर करण्याचा ठराव केला. सोमालिया व मोरोक्को यांचा त्यास विरोध होता.

झांबिया आणि इथिओपिया

भूवेष्टित राष्ट्राला शेजाऱ्याच्या राजकारणाची किंमत मोजावी लागते. झांबियाचे तांबे दक्षिण ऱ्होडेशियामार्गे निर्यात होत असे. १९६५ मध्ये तेथील गोऱ्या अल्पसंख्याक शासनाने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केल्यावर हा मार्ग असुरक्षित झाला आणि १९७३ मध्ये सीमाच बंद झाली. १९७५ मध्ये यादवी युद्धामुळे अंगोलातून जाणारा बेंग्वेला लोहमार्गही खंडित झाला. त्याच वर्षी चीनच्या साहाय्याने दार-एस-सलाम ते कापिरी म्पोशी हा सुमारे १,८६० कि.मी. लांबीचा लोहमार्ग बांधून पूर्ण झाला. राष्ट्राच्या परराष्ट्र धोरणाची दिशा भूगोल कशी ठरवितो, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळेल.

इथिओपियाची स्थिती वेगळी आहे. त्याने असलेला किनारा गमावला. १९९३ मध्ये एरिट्रिया स्वतंत्र झाला. तरीही असाब बंदराचा वापर चालू होता. १९९८-२००० च्या युद्धामुळे तोही थांबला. तेव्हापासून या देशाचा बहुतांश सागरी व्यापार जिबूतीवर अवलंबून आहे. १२ कोटींहून अधिक लोकसंख्येच्या, जगातील सर्वाधिक लोकसंख्येच्या या भूवेष्टित राष्ट्राने जानेवारी २०२४ मध्ये समुद्रप्रवेशासाठी सोमालीलँडशी सामंजस्य करार केला. सोमालीलँड आपलाच प्रदेश आहे असे मानणाऱ्या सोमालियाने त्यास तीव्र विरोध केला. डिसेंबर २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या मध्यस्थीने अंकारा येथे उभय राष्ट्रांनी सोमालियाच्या सार्वभौमत्वाखाली इथिओपियाला समुद्रप्रवेश देण्याबाबत वाटाघाटी करण्याचे मान्य केले.