केमोनंतर गाठ दिसतेच आहे? उपचार सोडण्याआधी हे वाचा

अंडकोषात गाठ हाताला लागली तरी आपली पोरं घरी बोलत नाहीत. लाज वाटते, शिवाय ती बहुधा दुखतही नाही. पण वृषणाचा कर्करोग जास्त करून १५ ते ४० या वयातच होतो, आणि पसरलेला असला तरी बहुतेक रुग्ण बरे होतात. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये सिस्प्लॅटिन हे औषध या आजारासाठी वापरलं, तेव्हापासून चित्र पालटलं. २०१२ मध्ये क्रिकेटपटू युवराज सिंगनेही उपचार त्यांच्याकडेच घेतले. त्याची गाठ छातीत होती, पण पेशींचा प्रकार याच कुळातला.

घोळ होतो तो केमो सुरू झाल्यावर. सहसा २१ दिवसांचं एक चक्र, अशी तीन किंवा चार. पहिल्या चक्रानंतर पोराला बरं वाटलं की घरचे म्हणतात, आता बस. उलट स्कॅनमध्ये गाठ दिसली की म्हणतात, औषध लागूच पडलं नाही. दोन्ही अंदाज चुकू शकतात.

सीटी स्कॅन गाठीचा आकार दाखवतो. हा आजार आधी पोटाच्या मागच्या बाजूच्या लसिका ग्रंथींत जातो, म्हणून पोट, ओटीपोट आणि छातीचा सीटी उपचारापूर्वीच काढतात. पुढची तुलना त्याच्याशीच होते. पण गाठ आतून मेली तरी तिचा सांगाडा काही काळ उरतो. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातले मार्कर, म्हणजे एएफपी आणि बीटा एचसीजी, किती वेगाने उतरतात ते सीटीइतकंच महत्त्वाचं.

कधी मार्कर उतरतात आणि गाठ मात्र वाढते. ती टेराटोमाची असू शकते. टेराटोमावर केमो चालत नाही, ती शस्त्रक्रियेने काढावी लागते. अशा वेळी केमो हरली असं समजून घरी बसणं सर्वांत महागात पडतं.

राहिला पेट स्कॅन. यात शरीरात सोडलेली किरणोत्सर्गी साखर कुठे जास्त खपते ते दिसतं. महागडा स्कॅन म्हणजे जास्त खरा, हा समज आपल्याकडे पक्का आहे. मात्र केमोनंतरची सूजही साखर खाते, त्यामुळे घाईने काढलेला पेट फसवतो. सेमिनोमा प्रकारात केमो संपल्यावर ३ सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ उरली, तर किमान सहा आठवडे थांबून तो काढतात. टेराटोमा तर पेटवर नीट दिसतच नाही. लोहाऱ्याहून त्यासाठी नागपूर गाठायचं तर गाडीभाडं आणि दोघांची मजुरी जाते. कर्ज काढण्याआधी डॉक्टरांना विचारा, हा आत्ताच का हवा?

केमोथेरपी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. आणि पहिल्या सीटीची फिल्म व सीडी जपून ठेवा. नुसता रिपोर्टचा कागद नेला तर नव्या डॉक्टरांना जुनी गाठ डोळ्यांनी पाहता येत नाही.