ज्वारीतील जस्त आणि मानवी पोषण

धाराशिव जिल्ह्याच्या परंपरागत आहारात ज्वारीच्या भाकरीचे स्थान प्रमुख आहे. या आहारातून मिळणाऱ्या जस्ताचा विचार करताना धान्यातील त्याचे प्रमाण पाहणे पुरेसे नाही. त्यापैकी किती अंश आतड्यात शोषला जातो, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न होय.

प्रौढ मानवी शरीरात सुमारे २ ग्रॅम जस्त असते. तीनशेहून अधिक एंझाइमांच्या क्रियेस ते आवश्यक असून पेशीविभाजन, वाढ व रोगप्रतिकार यांत त्याचे कार्य मोलाचे आहे. लोहासारखा त्याचा राखीव साठा शरीरात नसल्याने ते आहारातून नित्य मिळावे लागते. त्याच्या उणिवेने बालकांची वाढ खुंटते आणि अतिसार बळावतो.

ही उणीव मनुष्यात संभवते, याचे भान बरेच उशिरा आले. १९५८ मध्ये मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांनी इराणातील शिराझ येथे वाढ खुंटलेले व यौवनचिन्हे न प्रकटलेले तरुण पाहिले. जस्ताचा अभाव हे त्याचे कारण असावे, असे अनुमान १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. इजिप्तमधील पुढील अभ्यासाने त्यास पुष्टी मिळाली. त्या तरुणांचा मुख्य आहार न आंबवलेल्या गव्हाच्या रोटीचा होता. गव्हात जस्त होते. परंतु धान्यातील फायटिक अम्लाशी त्याचा संयोग होऊन ते शोषणास अयोग्य बनत होते.

ज्वारीसही हेच लागू पडते. भाकरीचे पीठ मळून लागलीच भाजले जात असल्याने फायटिक अम्लाचे विघटन फारसे होत नाही. त्यातच मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त, अल्कधर्मी काळ्या जमिनीत जस्त अविद्राव्य रूपात राहते व पिकास कमी मिळते. अशा रीतीने जस्ताची वाट दोनदा अडते : प्रथम मातीत, नंतर आतड्यात.

पहिल्या अडचणीवर जमिनीस झिंक सल्फेट देणे व वाण सुधारणे हे उपाय आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने २०१८ मध्ये प्रसारित केलेल्या ‘परभणी शक्ती’ या वाणात किलोमागे सुमारे ३२ मिलिग्रॅम जस्त आहे; सामान्य वाणांत ते सुमारे २० असते. म्हणजे रोजच्या ४०० ग्रॅम ज्वारीतून ८ ऐवजी सुमारे १३ मिलिग्रॅम जस्त मिळेल. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी केलेली शिफारस १७ मिलिग्रॅमची आहे.

दुसऱ्या अडचणीवरील उपाय स्वयंपाकघरातच आहेत. आंबवलेल्या पिठाची आंबील व मोड आलेली मटकी यांत फायटिक अम्ल घटते. मांसाहाराने जस्ताचे शोषण सुधारते. सारांश, आहाराचे मूल्य ठरविताना जस्ताच्या आकड्यासोबत फायटिक अम्लाचा आकडाही मांडणे अगत्याचे आहे.