परदेशांतील आगगाडीचा पास : काटकसर कीं मोह ?

हल्लीं सुशिक्षित घरांतून तीन पिढ्यांनीं मिळून परदेशप्रवासास निघण्याची चाल पडूं लागली आहे. ही चाल स्तुत्य आहे यांत शंका नाहीं. परंतु आजी-आजोबा, मुलगा-सून व नातवंडें अशीं पांच-सहा माणसें जेव्हां एका देशांतील तीन-चार शहरें पाहूं इच्छितात, तेव्हां विमानाच्या भाड्याबरोबरच आगगाडीच्या खर्चाचा मोठा आंकडा पुढें उभा राहतो. अशा वेळीं कोणीतरी सहज म्हणतो, "पास काढून टाका, म्हणजे तिकिटांची कटकट नको." हें वाक्य ऐकावयास गोड असलें, तरी त्याची परीक्षा केल्यावांचून पैसे मोजणें शहाणपणाचें नव्हे. म्हणून या लेखांत आम्ही जपानच्या रेल्वे पासचें उदाहरण घेऊन ही परीक्षा कशी करावी तें वाचकांपुढें मांडीत आहों.

जपानचा हा पास १९८१ सालीं निघाला. त्या वेळीं तेथील मुख्य रेल्वे सरकारी होती. १९८७ सालीं तिचे भाग पाडून निरनिराळ्या कंपन्या करण्यांत आल्या. तरी त्या सर्वांच्या मार्गांवर चालणारा एकच पास कायम राहिला. तो मुख्यतः थोड्या दिवसांसाठीं येणाऱ्या परदेशी पाहुण्यांकरितां असून ७, १४ व २१ दिवसांचा मिळतो. हे दिवस लागोपाठचे असतात; मध्यें विश्रांति घेतली, तरी त्या दिवसाचे पैसे गेलेच म्हणून समजावें.

पूर्वीं हा पास खरोखरच स्वस्त होता. सात दिवसांच्या साध्या पासास २९,६५० येन पडत. टोकियोहून क्योतोस जाऊन परत टोकियोस येण्याचें भाडें सुमारें २८,००० येन असल्यामुळें, एवढ्या एका फेरींतच त्याची किंमत बहुतेक भरून निघे. परंतु १ ऑक्टोबर २०२३ पासून तीच किंमत ५०,००० येन करण्यांत आली. इतकी वाढ होऊनहि जुन्या प्रवाशांची शिफारस मात्र घरोघर अद्याप चालूच आहे! दोन-तीन वर्षांमागें जाऊन आलेल्या आप्तांचा अनुभव खरा असला, तरी त्यांचा हिशेब आज लागू पडेलच असें नाहीं.

आतां प्रत्यक्ष गणित करूं. समजा, टोकियोस उतरून क्योतो, हिरोशिमा व ओसाका हीं शहरें पाहावयाचीं आहेत. शिंकानसेन या वेगवान गाडीनें टोकियो ते क्योतो सुमारें १४,००० येन, क्योतो ते हिरोशिमा सुमारें ११,००० आणि हिरोशिमा ते ओसाका सुमारें १०,५०० येन धरावे. बेरीज ३५,५०० येन झाली. परतीचें विमान ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून धरलें, तर पासांत माणशीं १४,५०० येनांचा तोटा आहे. उलट विमान टोकियोहूनच असेल, तर ओसाका ते टोकियो आणखी सुमारें १४,५०० येन पडतील व बेरीज बरोबर ५०,००० च्या घरांत जाईल. म्हणजे एवढा सारा प्रवास सात दिवसांत उरकला, तर पास आणि तिकिटें यांची जेमतेम बरोबरी होते.

हाच हिशेब कुटुंबास लावून पाहावा. चार मोठीं माणसें, एक आठ वर्षांचा नातू व एक चार वर्षांची नात अशीं सहाजणें आहेत असें धरूं. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांस पास व तिकीट दोन्ही अर्ध्या किंमतींत मिळतात. त्याहून लहान मूल वेगळी जागा न घेतां मांडीवर बसल्यास त्याचें भाडें पडत नाहीं. पासांचे २,२५,००० येन होतात, तर ओसाकाहून परतण्याच्या बेतांत तिकिटांचे सुमारें १,६०,०००. सुमारें ६५,००० येनांचा हा फरक केवळ विमानाचें तिकीट काढण्यापूर्वीं घडीभर कागद-पेन्सिल घेऊन बसण्यानें वांचतो.

किंमतीखेरीज अटीहि पाहाव्या लागतात. या मार्गावरील सर्वांत जलद गाडी नोझोमी. तिच्यांतून पासावर जावयाचें, तर निराळे पैसे भरावे लागतात. नाहींपेक्षां थोड्या संथ अशा हिकारी गाडीनें जावें. शहरांतील भुयारी गाड्या, क्योतोच्या शहरी बसगाड्या आणि बहुतेक खासगी रेल्वे यांवर हा पास चालत नाहीं. ज्यांना पास घेणेंच सोयीचें आहे, त्यांनीं तो टोकियोस उतरल्या दिवसापासून चालू न करतां टोकियो सोडण्याच्या दिवसापासून चालू करावा. तशी तारीख ठरवून घेतां येते.

शिवाय देशव्यापी पास आणि सुटीं तिकिटें यांच्यामध्यें एक तिसरा मार्ग आहे, तो प्रादेशिक पासांचा. ओसाका-हिरोशिमा या भागाकरितां पांच दिवसांचा निराळा पास मिळतो आणि त्याची किंमत देशव्यापी पासच्या निम्म्याहून कमी आहे. मात्र क्योतो ते ओसाका हें अंतर त्यावर शिंकानसेननें जातां येत नाहीं, साध्या गाडीनें जावें लागतें.

सामानाचीहि गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपल्या बायकामंडळी मेतकूट, भाजणी, चिवडा इत्यादि बरोबर घेतात व तें योग्यच आहे. कारण तेथील पुष्कळशा भाज्यांच्या रश्श्यांतहि माशाचा अर्क असतो. परंतु ज्या पेटीची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरहून अधिक भरेल, तिच्यासाठीं टोकियो-ओसाका-हिरोशिमा मार्गावरील शिंकानसेनमध्यें विशिष्ट जागा आधीं राखून ठेवावी लागते.

एका देशाचा नियम दुसऱ्यास लावूं नये. यूरोपचा युरेल पास १९५९ सालापासून चालू आहे. त्यांत साठीच्या पुढील प्रवाशांस सवलत मिळते. जपानच्या पासांत वृद्धांस तशी सूट नाहीं. उलट यूरोपांत फ्रान्स, इटली व स्पेन येथील वेगवान गाड्यांत पास असूनहि जागा राखण्याचे पैसे निराळे द्यावे लागतात.

शेवटीं, पैशांपेक्षां महत्त्वाचा असा एक मुद्दा उरतो. पास एकदां हातीं आला, कीं तो 'वसूल' करण्याची ईर्षा मनांत शिरते. मग क्योतोंत आजोबांचे गुडघे दुखत असले, तरी "आज बसून राहिलों तर पास फुकट जाईल" म्हणून त्यांना पहांटे गाडींत बसविलें जातें. आजी कांहीं बोलत नाहींत. आपल्यामुळें मुलांचे पैसे बुडूं नयेत म्हणून त्या निमूटपणें चालत राहतात. अशा प्रवासांत स्थानकें पुष्कळ पाहिलीं जातात, देश थोडा. ज्यांच्या आयुष्यांत हा योग कदाचित् पुन्हां येणार नाहीं, त्यांना एखाद्या मंदिराच्या बागेंत तासभर स्वस्थ बसूं देणें, हें कोणत्याहि बचतीहून मोलाचें आहे.

तेव्हां आमची सूचना इतकीच. आधीं घरांतील सर्वांत थकलेल्या माणसास विचारून दिवसांचा क्रम ठरवावा. मग प्रत्येक टप्प्याचें भाडें लिहून बेरीज करावी. आणि ती बेरीज पासच्या किंमतीहून स्पष्टपणें अधिक भरली, तरच पास घ्यावा. हा क्रम उलटा करूं नये. पासासाठीं प्रवास आंखणारा पैसे देऊन घाई विकत घेतो.