वनस्पतिसिद्ध नॅनोकण आणि गर्भावस्था

दापोली तालुक्यातील बुरोंडीसारख्या किनाऱ्यावरील गावांत वैद्याला रुग्णाइतकेच गोठ्याविषयीही विचारले जाते. गाभण गाईला वा शेळीला अमुक औषध चालेल का, हा तेथील जुनाच प्रश्न. अलीकडे त्यात चांदीच्या नॅनोकणांची मलमे व द्रावणे यांची भर पडली आहे. त्यांतील काही ‘वनस्पतींच्या साहाय्याने सिद्ध’ असल्याचे सांगितले जाते. तेवढ्यावरून ती रासायनिक पद्धतीच्या कणांपेक्षा निर्धोक, सबब गर्भिणीसही देण्याजोगी, असा निष्कर्ष आपल्या व्यवसायबंधूंत काढला जातो. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. त्याची कारणे येथे मांडीत आहोत.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांस नॅनोकण म्हणतात. वनस्पतींच्या अर्काने ते बनविण्याच्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे. तेथील डॉ. मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण आणि कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यातून सोन्या-चांदीचे कण मिळविल्याचे प्रसिद्ध केले. क्रिया समजण्यास सोपी आहे. धातूच्या क्षाराच्या द्रावणात अर्क मिसळला की त्यातील पॉलिफेनॉलसारखी द्रव्ये धातूच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, धातूचे अणू एकत्र येऊन कण तयार होतात आणि अर्कातील द्रव्येच त्यांवर आवरण धरतात. रासायनिक पद्धतीत हे काम सोडियम बोरोहायड्राइड किंवा सोडियम सायट्रेट करते. चांदी दोन्हींत तीच, आणि बहुधा आरंभीचे सिल्व्हर नायट्रेटही तेच!

गर्भावर काय परिणाम होतो, याविषयी २०११ मध्ये जपानी संशोधकांनी केलेला प्रयोग आपण मुळातून समजून घ्यावा. गाभण उंदरांना शिरेतून सिलिका व टायटॅनियम डायॉक्साइडचे कण देण्यात आले. ७० नॅनोमीटरची सिलिका आणि ३५ नॅनोमीटरचे टायटॅनियम डायॉक्साइड अपरेत, तसेच गर्भाच्या यकृतात व मेंदूत आढळले. गर्भ लहान राहिले. ३०० व १००० नॅनोमीटरच्या सिलिकेने तसे झाले नाही. विशेष म्हणजे ७० नॅनोमीटरच्याच कणांचा पृष्ठभाग कार्बोक्सिल किंवा अमाइन गटांनी बदलल्यावर हा अपाय टळला. येथे वनस्पतीचा संबंध कोठेही नाही. आकार आणि आवरण यांनी निकाल फिरविला. मात्रा मोठी होती व मार्ग शिरेचा होता, हेही विसरू नये. तोंडाने दिलेल्या चांदीचे काय? २०१३ मध्ये रशियन संशोधकांनी किरणोत्सारी खूण केलेले चांदीचे कण मादी उंदरांना दिले, तेव्हा ते अपरेतून गर्भात आणि दुधातून पिलांत पोहोचल्याचे दिसले.

वनस्पतीच्या आवरणाचा लाभ मुळीच नाही, असे आमचे म्हणणे नाही. सोन्याच्या दंडाकृती कणांच्या बाबतीत पेशींना झालेली इजा बव्हंशी सीटॅब या शिल्लक राहिलेल्या रसायनामुळे होती. असे द्रव्य वापरलेच नाही, तर तेवढा धोका टळतो. परंतु सायट्रेटही रासायनिकच, आणि ते सौम्य आहे. उलटपक्षी काढा हे एकच द्रव्य नव्हे. वैशाखातील पान व भाद्रपदातील पान यांत भेद असतो, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. तो भेद कणांच्या आकारात व आवरणात उतरतो. शिवाय वनस्पती स्वतःच गर्भास प्रतिकूल असू शकते. डॉ. गुरसरन प्राण तलवार यांच्या गटाने १९९६ मध्ये निंबबीजाच्या शुद्ध केलेल्या अर्काने वानरवर्गीय माद्यांतील गर्भधारणा खंडित होते, असे नोंदविले. बीज वेगळे, पान वेगळे, हे खरे. पण ‘वनस्पती म्हणून निर्धोक’ हे विधान मात्र तेथेच संपते.

उंदरावरील निष्कर्ष गाईस जसाच्या तसा लावता येत नाही, हेही ध्यानी असावे. उंदीर व मानव यांच्या अपरेत मातेचे रक्त गर्भाच्या ऊतींना थेट भिडते. गाय-शेळीत मध्ये अधिक थर असतात. उंदीर तीन आठवड्यांत वितो, शेळी सुमारे पाच महिन्यांत, गाय नऊ महिन्यांहून थोड्या अधिक काळात. थॅलिडोमाइडने उंदरांत फारसा दोष दाखविला नाही, सशांत दाखविला. म्हणूनच औषधाच्या गर्भविषयक चाचण्या उंदराबरोबर सशासारख्या दुसऱ्या प्राण्यावरही करण्याची प्रथा पडली.

आपल्या शास्त्राचा दाखला देताना तर अधिक सावध असावे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुवर्णभस्मातील सोन्याचे स्फटिक सुमारे ५७ नॅनोमीटरचे आढळले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे डॉ. किशोर पाकणीकर त्यात सहभागी होते. अभिमान वाटावा अशी ही गोष्ट. तथापि भावना व पुटे देऊन सिद्ध झालेले भस्म आणि कोकमाच्या पाण्यात तासाभरात तयार केलेले चांदीचे द्रावण ही दोन निरनिराळी द्रव्ये आहेत. भस्माच्या दीर्घ वापराचे प्रशस्तिपत्र द्रावणास लावता येणार नाही, आणि उंदरांत द्रावणाने केलेला अपायही भस्माच्या माथी मारता येणार नाही.

सबब आमचा आग्रह असा की, त्या विशिष्ट उत्पादनाची गर्भविषयक चाचणी झाल्याशिवाय ते गर्भिणीस, सूतिकेस वा गाभण व दुभत्या जनावरास पोटात देऊ नये. मोठ्या उघड्या जखमेवरही लावू नये. जनावराच्या बाबतीत पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. औषधपेढीच्या चालकांनी माल घेण्यापूर्वी उत्पादकाकडून लेखी विचारावे : कणांचा आकार किती व तो कोणत्या पद्धतीने मोजला, मोकळे चांदीचे आयन किती उरले, वनस्पतीचे कोणते अंग कोणत्या ऋतूत घेतले, आणि प्रत्येक घाणीची तपासणी होते की केवळ पहिल्या घाणीची. उत्तर न आल्यास मागणी नोंदवू नये.